हिरव्या लुगड्यातली आजी

इंदूर, २४ मार्च १९५४

चि. शारदेला तिच्या आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझ्या चित्रांची गुंडाळी काल पोचली. हमालाने ओटल्यावर आडवी टाकली, तेव्हा तुझी आई म्हणाली, "सासूबाई, सतरंजी आली वाटतं." मी म्हटलं, इंदिरे, सतरंजीला असा वास येतो का, ही पोरीची चित्रं आहेत. तू इथे होतीस तेव्हा घरभर तोच वास असायचा. तुझे दादा मला म्हणायचे, आई, आज वरणाला टर्पेंटाइनची फोडणी आहे. तू गेल्यावर वास गेला आणि सच्ची सांगते, मला वरणच बेचव लागायला लागलं.

तर दालनात सगळी चित्रं पसरली. पाय ठेवायला जागा नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या शिखरांवरून ओळखल्या, पण खान नदीला तू जांभळा रंग दिलास. बाई, ती नदी इतकी सुंदर कधी होती? मग ते एक मोठं चित्र, नीमाखाली बसून बाई गहू निवडतेय, मांडीवर सूप. मी म्हटलं, ही कोण गं, कुठेतरी बघितलेली वाटते. तुझी आई हसून हसून भिंतीला टेकली. "सासूबाई, घरात आरसा नाही का?" जवळ जाऊन बघते तो माझाच हात. अंगठा बाहेर वळलेला, लहानपणी उखळात सापडला होता तो. पण शारदे, मला हिरवं लुगडं कशाला नेसवलंस? तुझे आजोबा गेल्यापासून पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लागला नाही. तुझ्याकडे पांढरा रंग संपला होता का?

इतकी चित्रं परत पाठवलीस, मतलब मुंबईच्या लोकांची बघून झाली ना? कुठल्या हॉलमध्ये लागली होती, नाव कळव. तुझ्या दादांना लिहायचं आहे. त्यांचं दफ्तर अजून ग्वाल्हेरला आहे, उन्हाळ्यात मध्य भारताची राजधानी इकडे इंदुरात आली की तेही येतील. पत्रात पुन्हा तेच लिहिलंय: आखातीला, मतलब अक्षय्य तृतीयेला, वर्ष पुरं होतं, तोवर एका तरी हॉलात चित्र लागलं तर शारदा मुंबईत राहील, नाही तर घरी येईल, आणि उज्जैनचं स्थळ तोवर थांबायला तयार आहे. मुलगा इंजिनेर आहे म्हणे. फोटोत तरी नीट बसलाय.

पोलोग्राउंडच्या कारखान्याचा भोंगा झाला, आता दूध तापवायला उठते. लिहायला बसलं की मला उठवत नाही. हा तुझाच दोष, पाटीवर अक्षरं तूच गिरवून घेतलीस.

तुझी आजी


गिरगाव, मुंबई, २९ मार्च

आजी, तुला मनापासून नमस्कार.

तुझं पत्र मामींनी मोठ्याने वाचलं आणि वरणाच्या फोडणीवर सगळी चाळ हसली.

आता खरं सांगते. चित्रं कुणी बघितली नाहीत. एकाही हॉलात लागली नाहीत. मामांच्या दोन खोल्यांत ती ठेवायला जागा उरली नव्हती. मामी लोणच्याच्या बरण्या कॉटखालून काढायच्या, तेव्हा दर वेळी आधी माझी चित्रं काढावी लागत. म्हणून पाठवली.

मी किती हॉलांच्या पायऱ्या चढले असेन! एके ठिकाणी शिफारस आणा म्हणतात. एके ठिकाणी सांगतात, पुढच्या वर्षी या. एका सेक्रेटरींनी चित्र उलगडण्याआधीच विचारलं, "भाऊ नाही आला?" त्यांना वाटलं, मी चित्रकाराची बहीण, गुंडाळी पोचवायला आलेय. मी म्हटलं, चित्रं माझीच आहेत. तेव्हा म्हणाले, "अरे वा, मग फुलंबिलं काढता का?" आता एकच हॉल उरलाय. तिथले अच्युतराव नव्या चित्रकारांचं प्रदर्शन मांडतात. त्यांच्याकडे मामांनी काढलेले चित्रांचे फोटो देऊन आलेय. दादांना यातलं काही लिहू नकोस. आखातीपर्यंत वाट बघते.

लुगड्याचं विचारलंस. पांढरा रंग भरपूर होता गं. तू नीमाखाली बसायचीस तेव्हा मी रोज बघायचे. पानांतून ऊन झिरपलं की तुझं पांढरं लुगडं हिरवं व्हायचं, पोपटी, मध्येच पिवळं. सावलीत पांढरं पांढरं राहत नाही. मी दिसलं तसंच काढलं.

एक काम कर. चित्रं माळ्यावर ठेव, तोंडं भिंतीकडे करून. कुणाला दाखवू नकोस. आणि त्या मोठ्या चित्राला हात लावू नकोस, रंग जाड लावलाय, वरून वाळला तरी आतून ओला आहे.

तुझी शारदा


इंदूर, १८ एप्रिल

चि. शारदा, आजीचा आशीर्वाद, आणि आधीच सांगते, रागावू नकोस.

परवा शुक्रवारी आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. तुझं पत्र आलं तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. पोरगी लोकांच्या पायऱ्या चढतेय, आणि इकडे आपल्या घरी दर वर्षी पायऱ्या मांडतात, वर गौर झुल्यात बसते, खाली आरास करतात. कुणी मातीची फळं ठेवतं, कुणी मोत्यांची तोरणं, त्या शिर्क्यांच्या सुनेने तर गेल्या साली ग्रामोफोन ठेवला होता. सगळा मोहल्ला बघायला येतो. आणि आपली चित्रं माळ्यावर उंदरांना दाखवायची? मी म्हटलं, इंदिरे, चित्रं काढ. ती म्हणाली, शारदेने नको लिहिलंय. मी म्हटलं, शारदेने लोकांना दाखवू नको म्हटलंय, गौरीला थोडंच म्हटलंय!

सामनेवाल्या पांडुरंग मास्तरांनी चित्रं फळ्यांवर ठोकून दिली. ते शाळेत हस्तकला शिकवतात, हात हलका आहे. छत्र्या डावीकडे, बाजाराचं उजवीकडे, आणि माझं, मतलब ते हिरव्या लुगड्याचं, गौरीच्या मागे मधोमध.

काय सांगू! बायका आल्या, ओटी घेतली, पन्हं घेतलं, आंब्याची डाळ खाल्ली, आणि तरी कुणी जाईना. एरवी डाळ संपली की मंडळी पांगते. जांभळ्या नदीपुढे तर जागा मिळेना. एक म्हणते, "ही नदी आपली नाही," दुसरी म्हणते, "आपलीच, संध्याकाळी पुलावर उभी राहून बघ की गं." त्या खरंच पुलावर गेल्या, आणि परत येऊन सांगितलं, हौ, जांभळीच आहे. आता त्यांच्या घरचे म्हणतात, शारदेच्या चित्राने आमचा स्वयंपाक उशिरा झाला.

तुझ्या हॉलवाल्यांनी बघितलं नाही, त्यांचं नशीब. इंदुरात तुझं प्रदर्शन झालं, झुल्यात बसलेल्या गौरीसमोर. तुझी आई दोन वेळा डोळे पुसायला आत आली आणि कांदा चिरत होते म्हणाली. हळदीकुंकवाच्या दिवशी कांदा!

चित्रं पुन्हा नीट ठेवली आहेत. काही काळजी करू नकोस. काहीसुद्धा झालेलं नाही.

तुझी आजी


मुंबई, २१ एप्रिल

आजी गं,

तुझ्यावर रागवायला बसले होते, पण राग लिहिता येईना.

अच्युतरावांनी बोलावलं होतं. टेबलावर माझे फोटो पसरलेले. त्यांनी एकच उचलला आणि विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, माझी आजी. म्हणाले, "बाई अशी बसलीये की आपण बघतोय हे तिला ठाऊकच नाही. हे चित्र आणा. बाकीची नंतर बघू." ९ मेला प्रदर्शन उघडतंय. कार्डावर माझं नाव छापायला गेलंय!

आखाती ५ मेला आहे आणि प्रदर्शन ९ला, पण दादा इतके दिवस तरी थांबतील ना? तू सांभाळून घे.

पांडुरंग मास्तर सुटीत त्यांच्या बहिणीकडे मुंबईला येतात ना? त्यांच्याबरोबर चित्र लगेच पाठव. फळीवरून काढू नकोस, आहे तसंच लाकडी पेटीत घालून दे. खंडव्याला गाडी बदलताना पेटी उभी ठेवायची, त्यांना बजावून सांग.

आज मामी स्वतः म्हणाल्या, कॉटखालच्या बरण्या हलवते, तुला जागा करून देते. यावरून समज.

तुझी शारदा


इंदूर, २४ एप्रिल

चि. शारदेस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी खजराण्याच्या गणपतीला मोदक बोलले. तांग्याने जाऊन यायचं आहे, पण घोड्याला ऊन लागतं म्हणून तांगेवाला कुरकुरतो. इथे फार ऊन आहे. सराफ्यात शिकंजीवाल्यांची चांदी आहे.

एक विचारायचं होतं. अच्युतरावांना छत्र्यांचं चित्र नाही का चालणार? छत्र्या कशा भारदस्त दिसतात. होळकरांच्या समाध्या आहेत, इतिहास आहे. म्हाताऱ्या बाईत काय बघायचं? गहू तर मुंबईतही निवडतात. आणि माझा अंगठा वाकडा आलाय, लोक काय म्हणतील? शिवाय मास्तरांच्या बहिणीला बरं नाही म्हणे, ते जातात की नाही कोण जाणे. शिवाय पेटी करायला सुतार मिळत नाही, लगीनसराईत सगळे पलंग करत बसलेत.

तर तू छत्र्यांचं विचारून बघ. नदी जांभळी आहे, तेही सांग.

आजी


मुंबई, २६ एप्रिल

आजी,

छत्र्यांचं चित्र नको. अच्युतरावांनी तुला निवडलंय.

पांडुरंग मास्तरांचं कार्ड कालच मामांना आलं. २९ला निघतायत, बहीण ठणठणीत आहे. पलंगांचंही राहू दे.

चित्राला काय झालंय? फाटलंय का? उंदराने कुरतडलंय का? जे असेल ते लिही. मी तुझ्यावर कधी ओरडलेय का? पण खोटं लिहू नकोस. तुला खोटं लिहिता येत नाही. तू खोटं लिहिलंस की मध्येच घोडे येतात.

शारदा


इंदूर, २८ एप्रिल

माझ्या शारदे,

घोड्याचं बरोबर ओळखलंस. बस, सांगते.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी आत होते. बाहेर सवाष्णींचं चाललेलं असतं, तिथे माझं काय काम! आंब्याची डाळ मी वाटते, पन्ह्यात वेलची मी घालते, आणि चुलीपासून दारातून सगळं दिसतं. इतकी वर्षं दारातूनच बघितलंय, मला त्याचं काही वाटत नाही. दारातून बघितलं की जास्त दिसतं.

आपल्या बाखळीत, आतल्या गल्लीत, गेंदाबाई म्हणून नवी आलीये. माळवी बाई, नवरा कपड्याच्या मिलमध्ये आहे. तिला आपली रीत ठाऊक नाही. त्यांच्यात गणगौर असते, बायका गौरीला कुंकवाची टीकी लावतात, आपापल्या हाताने. ती आली, आरास बघितली, आणि माझ्या चित्रापुढे थांबली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर धान्य, आणि पुढे गौर बसवलेली. तिला वाटलं, हीच गौर. मोठ्याने म्हणाली, "ए बेन, गोर माता को कपाल सूनो क्यूँ राख्यो?" मतलब, गौरीचं कपाळ रिकामं का ठेवलं. आणि कुणी काही बोलायच्या आत करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, पाण्याचा थेंब लावला आणि माझ्या कपाळावर टेकवलं. मतलब चित्राच्या.

एकीने लावलं की मागची लावतेच. तिला वाटतं, इथे हीच पद्धत असेल. शिर्क्यांच्या सुनेने लावलं. मग हळद पण लागली. कुणीच मला ओळखलं नाही. माझ्याच चुलीवरची डाळ खाऊन गेलेल्या बायका, हिरव्या लुगड्यात मला ओळखेनात. आणि मी आत पातेल्याशी उभी, हातात पळी, आणि बाहेर माझं हळदीकुंकू चाललंय.

तेवढ्यात तुझी आई पन्ह्याचं तबक घेऊन आली. तिने बघितलं. तिला तर ठाऊक आहे कोण ते. तबक तिथेच ठेवलं. मला वाटलं, आता ओरडते, पुसते, काहीतरी करते. गेंदाबाई तिला म्हणाली, "थें भी लगाओ नी, थें तो घरवाली हो." सगळ्या बायका बघत होत्या. इंदिरेने दारात माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको गं. तिने करंडा उचलला, माझ्याकडे बघत बघत बोट बुडवलं, आणि लावलं. नीट, मधोमध, गोल.

मग आत येऊन कांदा चिरायला बसली.

बायका गेल्यावर मी पदर ओला करून पुसायला गेले. तू लिहिलं होतंस ना, हात लावू नकोस. मी तेच कारण सांगितलं स्वतःला. पण शारदे, तू लिहिलं नसतंस तरी माझा हात पुढे गेला नसता.

आता मला भीती ही वाटते की तुझं चित्र बिघडलं. वर्षभर पायऱ्या झिजवल्यास, शेवटी एक दार उघडलं, आणि त्या दारात आजीने घाण केली. सुतार मिळाला, पेटी झाली, उद्या मास्तर घेऊन निघतात. तुला निघालं तर काढ. नाही निघालं तर आजीला क्षमा कर आणि इंजिनेराचा फोटो मी परत नीट बघून ठेवते.

तुझी आजी


मुंबई, १ मे

आजी,

चित्र पोचलं. मास्तरांनी पेटी मांडीवर घेऊन प्रवास केला, त्यांची पँट सुद्धा चुरगळली नाही, पाय मात्र झोपले होते.

पेटी उघडली आणि मी किती तरी वेळ नुसती बघत बसले. कपाळाचा रंग आतून ओला होता, कुंकू त्यात बसलंय. वर हळदीची बोटं उमटलीत. एकीचं नख लागलंय, तिथे रंग खरवडलाय. चित्रकार म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. मी मामींना हाक मारली, त्या आल्या, आणि म्हणाल्या, "अगं, आता त्या बोलतील असं वाटतं."

आजी, काढता येईल. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायचं, कपाळाचा रंग पुन्हा भरायचा. एका दुपारचं काम आहे. किंवा तसंच ठेवता येईल. मी बोळा हातात घेऊन बसले आणि मला उमगलं की हे मी ठरवू शकत नाही. चित्र माझं आहे, कपाळ तुझं आहे. तुला मुंबईच्या लोकांसमोर कुंकू लावून बसायचं आहे का? दादा काय म्हणतील, मोहल्ला काय म्हणेल, हे सगळं तुला सोसायचं आहे. म्हणून तुला विचारते. पुसू, की राहू दे? तू म्हणशील तसं. दोन्हींत माझी काही अडचण नाही. उलटटपाली कळव.

तुझी शारदा


इंदूर, ४ मे

रा. रा. अच्युतराव यांस इंदूरहून जनाबाईचा रामराम.

तुम्ही मला ओळखता. तुमच्याकडे नात घेऊन आली त्या चित्रातली बाई मीच. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या, म्हातारपणी शिकलेलं आहे.

आमचे शेजारी पांडुरंग मास्तर काल मुंबईहून परत आले. शारदेने मला लिहिलं की चित्र पुसलं काय, न पुसलं काय, तिला अडचण नाही. मास्तर तिच्याबरोबर तुमच्या हॉलात आले होते, ते म्हणतात, तुम्ही कपाळ बघून म्हणालात, "हा डाग आहे, खराब झालेलं चित्र मी लावत नाही, पुसून आणा तर टांगतो." पोरीने ते मला लिहिलं नाही. मी राहू दे म्हटलं असतं तर तिने राहू दिलं असतं, आणि गुपचूप सामान बांधून घरी आली असती. इथे तिच्यासाठी स्थळ तयार आहे. तिचं खोटं माझ्यापेक्षा चांगलं असतं, त्यात घोडे येत नाहीत.

तर अच्युतराव, तुम्ही म्हणता डाग आहे. डाग तर आहेच. एका परक्या बाईने भोळेपणी लावला. मग बाकीच्यांनी बघून लावला. मग माझ्या सुनेने सगळं ठाऊक असून लावला. चित्र शारदेने काढलं, पण तेवढं एक गावातल्या बायकांनी काढलंय. तुमच्याकडे मोठमोठे चित्रकार येत असतील. त्यांच्या चित्राला कुणी हात जोडून असा हात लावलाय का?

माझे मालक गेले तेव्हा शेजारच्या बायका आल्या आणि माझं कपाळ पुसून गेल्या. पद्धत होती, त्यांचा दोष नाही, त्यांतली एक तर रडत होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी मनात आणलं नाही की हे विचारायचं असतं. आता इतक्या वर्षांनी माझ्या नातीने बोळा हातात घेतला आणि थांबली, आणि मला विचारलं, आजी, पुसू का?

विचारलंय, तर माझं उत्तर असं: पुसू नये.

तुम्हाला टांगायचं नसेल तर नका टांगू, तुमची भिंत, तुमचा खिळा. पोरीला घरी पाठवा, आम्ही तिला काही बोलणार नाही. पण खराब झालं म्हणून परत पाठवू नका. ज्या बाईचं कपाळ आहे तिची तक्रार नाही, तर तुम्ही का करता?

मुंबईत उकाडा फार असतो म्हणे. कैरीचं पन्हं घेत जा, गूळ घालून, साखर नको.

जनाबाई


मुंबई, १० मे

आजी! आजी! आजी!

मला न सांगता तू पत्र लिहिलंस! परवा सकाळी चित्र न पुसता तसंच घेऊन हॉलवर गेले, लावा नाही तर राहू द्या म्हणायला. तुझं मला काही उत्तर नव्हतं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पुसायचं नाही. ट्रंक भरून ठेवली होती.

अच्युतराव पायऱ्यांवर उभे होते, हातात तुझं पत्र. म्हणाले, "तुमच्या आजी नेहमी असं लिहितात?" मी म्हटलं, नाही, नेहमी याहून लांब. तर हसले. आजवर हसलेले बघितले नव्हते. मग शिपायाला म्हणाले, शिडी आण. चित्र दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं, आत शिरलं की तूच दिसतेस. मी म्हटलं, सर, पत्र मला द्याल का, माझ्या आजीचं आहे. त्यांनी घडी घालून खिशात टाकलं. म्हणाले, "पत्र मला आलंय."

काल उद्घाटन झालं. पहिल्यांदा सगळे लांबूनच बघत होते. मग दोन बायका जवळ गेल्या. एकीने नकळत हात जोडले आणि मग इकडेतिकडे बघून पदर सारखा केला. आज सकाळी पुन्हा त्यांतलीच एक आली. सरलाबाई म्हणून, दादरला राहतात, शाळेत शिकवतात. त्या चित्र घरी न्यायचं म्हणतात. म्हणजे विकत. मी हो म्हटलं नाही. आधी तुला विचारते. एकदा विचारलं, आता सवय लागली.

दादांना कार्ड पाठवलंय. ते काय म्हणाले? भीत भीत विचारते.

तुझी शारदा


इंदूर, १४ मे

चि. शारदेला आशीर्वाद, आणि तुझ्या आजीच्या गालाला हसून हसून कळ लागलीये ती वेगळी.

तुझे दादा मंगळवारी ग्वाल्हेरहून आले. तुझं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं. तुझ्या आईने तेव्हाच सगळं सांगून टाकलं, कुंकवाचं पण. मी चुलीशी जाऊन बसले, म्हटलं, आता वीज पडते. बऱ्याच वेळाने आत आले आणि पाटावर बसले. जेवले. हात धुवून उठताना म्हणाले, "आई, उज्जैनवाल्यांना मी लिहून टाकतो. पोरगी कामात आहे." बस. दुसऱ्या दिवशी कार्ड दफ्तरात घेऊन गेले. मास्तर सांगत होते, साहेबापासून चपराशापर्यंत सगळ्यांना दाखवलं. चपराशी म्हणाला, "वाह भिया, बिटिया तो नाम कर गई." घरी मात्र तोंडावर काही नाही. होळकरांच्या फौजेतलं रक्त आहे, हसायचं असलं तरी हुकूम लागतो.

गेंदाबाई काल ओटल्यावर आली होती. तिला मी सांगितलं, ती गौर मीच होते. बिचारीने जीभ चावली, कान पकडले. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, बेन, तुझ्यामुळे मी मुंबई बघितली. पण तिला कळलं नाही.

आता सरलाबाईंचं. शारदे, वर्षभर तुझ्यासाठी स्थळ बघत होतो, आणि बघ, आधी माझंच ठरायला आलं! हिरवं लुगडं नेसून, कपाळ भरून, या वयात दादरला निघाले. तर मुलीकडच्यांनी चौकशी केली पाहिजे, ती तू कर. घरात बोलणारी माणसं आहेत का? मला भिंतीवर गप्प बसणं जमणार नाही. चित्र कुठे लावणार? दिवाणखान्यात लावलं तर ठीक, पण खिडकीजवळ लावायला सांग, गहू निवडायला उजेड लागतो. घरी चहा कडक करतात की पातळ? आणि तुला अधूनमधून मला भेटायला येऊ देतील ना, ते पहिल्यांदा ठरव, माहेरचं माणूस आल्यावर दार उघडायला हवं.

एवढं सगळं जुळत असेल तर होकार कळवून टाक. मी तयारच बसलेली आहे.

तुझी आजी